चीफ कुंजीर आणि सहा जावा

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला लागून एक हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्यांत आमची कचेरी. दारावर पाटी होती, ‘बंदर-शहर सहकार मंच, सचिवालय’. ती वाचून लोक जिना चढून वर यायचे आणि गोव्याची बोट किती वाजता सुटते ते विचारायचे. कुणाला मुलाला मर्चंट नेव्हीत घालायचं असायचं, कुणाला पासपोर्टचा फॉर्म हवा असायचा. शेवटी आमच्या प्रमुख लेले मॅडमनी स्वतःच्या वळणदार अक्षरात दुसरी पाटी लावली : ‘येथे बोटीची तिकिटे मिळत नाहीत. समुद्र घाटाखाली आहे.’

समुद्राकाठच्या सहा शहरांची कचेरी पुण्यात कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. ही शहरं वेगवेगळ्या देशांतली. बंदरातला धूर कमी करायचा, आणि तो सगळ्यांनी मिळून करायचा, एवढ्यावर त्यांचं एकमत झालं होतं. कचेरी कुठं ठेवायची यावर मात्र वर्षभर भांडण चाललं. आमच्याकडे नसली तरी चालेल, पण त्यांच्याकडे नको, असं प्रत्येकाचं म्हणणं. एका बैठकीत कुणीतरी वैतागून म्हणालं, “मग जिथं समुद्रच नाही तिथं न्या!” लेले मॅडम तिथं सल्लागार म्हणून बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “विश्रांतवाडीत माझ्या तीन खोल्या रिकाम्या आहेत.”

त्या तीन खोल्यांत मी बैठकांची इतिवृत्तं लिहायचे. सकाळी स्वारगेटहून बस धरायची आणि दिवसभर ज्यांतलं अक्षरही कळत नाही असे कागद नीट मराठी-इंग्रजीत लावायचे, हे माझं काम. निवृत्ती कुंजीर आमच्याकडे आले तेव्हा मला त्या कचेरीत दोन वर्षं झाली होती.

नाव निवृत्ती, पण माणूस निवृत्त व्हायला तयार नव्हता. लोणी काळभोरच्या शेतकऱ्याचा मुलगा. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली शेवटची कितीतरी वर्षं चीफ इंजिनियर म्हणून. जग पालथं घातलं, पण बोलणं गावचं ते गावचंच राहिलं. इंग्रजीसुद्धा लोणीचंच.

लेले मॅडमनी मुलाखत घेतली तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होते.

“अनुभव?” मॅडमनी विचारलं.

“तीस वर्षं धूर केला मॅडम. आता जरा निस्तरावा म्हंतो.”

“अर्जात असं काही लिहिलेलं नाही.”

“अर्ज पोरीनं लिहिलाय. ती लई सभ्य हाय.”

लेले मॅडम हसल्या नाहीत. त्या सहसा हसत नसत. त्यांनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, “सोमवारपासून या. साडेनऊ म्हणजे साडेनऊ.”

सोमवारी ते सव्वानऊला आले. आल्याआल्या ऑफिसातल्या प्रत्येक यंत्रावर तळहात ठेवून उभे राहिले. आधी फ्रिज, मग झेरॉक्स मशीन, मग माझा कम्प्युटर. डोळे मिटलेले, मान थोडी तिरकी. वैद्यानं नाडी बघावी तसं. झेरॉक्सपाशी म्हणाले, “हिचा पंखा जायला आलाय. बुधवारपर्यंत वढंल.” मंगळवारी दुपारी पंखा गेला. ते दिवसभर मनापासून हळहळत होते, अंदाज एका दिवसानं चुकला म्हणून.

ही सवय सगळीकडे. बसमध्ये चढले की आधी इंजिनाच्या झाकणावर हात, मग ड्रायव्हरला रामराम. यंत्र कधी खोटं बोलत नाही, माणूस फार लपवतो, असं ते म्हणायचे. “म्हणून आधी हात लावून बघायचं, ताई. कागद मागनं वाचायचा.”

खालच्या हार्डवेअरवाल्याचा डिझेल जनरेटर हे आमचं जुनं दुखणं होतं. वीज गेली की तो जिन्याखाली सुरू व्हायचा आणि सगळा धूर वर आमच्याकडे. सहा देशांना धूर कमी करायला सांगणारे आम्ही नाकाला रुमाल लावून बसायचो. लेले मॅडमनी त्या दुकानदाराला उद्देशून जिन्यात आजवर चार पाट्या लावल्या होत्या, प्रत्येक आधीच्या पाटीपेक्षा बोचरी. त्यानं दुसरा जनरेटर आणला नाही एवढंच.

चीफ पहिल्याच आठवड्यात धूर येताक्षणी उठले आणि खाली गेले. आता भांडण होणार म्हणून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. पाहते तो काय, हे बाह्या सरसावून जमिनीवर मांडी घालून बसलेले, दुकानदार शेजारी टॉर्च धरून. फिल्टर काढला, धुतला, बसवला. धुराच्या नळीला कोपरा लावून तिचं तोंड मागच्या मोकळ्या जागेकडे वळवलं. पाऊण तास गेला. वर आले ते काळे हात घेऊन आणि मागोमाग दुकानातून चार कप चहा.

“मशीन चांगलं हाय,” ते म्हणाले. “त्याला कुणी विचारत नव्हतं, एवढंच.”

लेले मॅडमनी चहा घेतला. खाली गेल्या आणि स्वतःच्या चारही पाट्या काढून आणल्या. त्या दिवसापासून ‘अहो कुंजीर’चं ‘चीफ’ झालं.

मी एकदा त्यांना म्हटलं, “चीफ, मी दोन वर्षं हे सगळं लिहितेय, पण ही शहरं नक्की कशावर भांडतात ते मला कळलेलं नाही.”

ते खुर्ची ओढून बसले. “सोपं हाय. जहाज धक्क्याला लागलं तरी त्याचं पोट चालूच असतं. दिवे, शीतघर, पंप, सगळं चालाय वीज पायजे. ती करायला जहाजातले जनरेटर दिवसरात धडधडतात, आणि धूर सगळा गावावर. आता धक्क्यावरनंच वीज दिली, मोठी केबल जोडली, तर जनरेटर बंद करता येतात. करायला काय अवघड न्हाई. पण एका बंदरानं सक्ती केली तर जहाजवाला म्हंतो, नको ती कटकट, शेजारच्या बंदरात जातो. म्हणून कोण पहिलं करंना. सहा जावा एका घरात, ताई. चूल पेटवायची सगळ्यांनाच हाय. पहाटे पहिली कोण उठणार, एवढंच भांडण.”

दोन वर्षांच्या इतिवृत्तांत जे मला सापडलं नव्हतं ते त्यांनी एका चहात सांगितलं.

“आणि तुम्हाला का एवढी तळमळ?” मी विचारलं.

त्यांनी मग केळ्यांची गोष्ट सांगितली. कुठल्याशा बंदरात त्यांचं जहाज आठ दिवस उभं होतं. धक्क्याच्या भिंतीपलीकडे एक बाई केळी विकायची. एका सकाळी ती फाटकावर येऊन ओरडायला लागली. भाषा कुणाला कळेना, पण ती हलेना. शेवटी चीफ खाली उतरले. तिनं त्यांचा हात धरला, भिंतीपलीकडे नेलं आणि आपला माल दाखवला. पिवळ्या केळ्यांवर काळी काजळी बसलेली. तिनं बोटानं एक रेघ ओढली आणि ते बोट चीफच्या पांढऱ्या शर्टाला पुसलं.

“मग?”

“मग काय. सगळी केळी घेतली. आठवडाभर जहाजावर केळी. नाष्ट्याला केळी, जेवणाला केळी, स्वैपाक्यानं केळ्याचं सांबारसुद्धा केलं. माणसं माझ्या नावानं खडे फोडत होती.” ते हसले, मग म्हणाले, “पण ताई, केळी मी घेतली. त्या बाईचं नाक, तिच्या घरातली पोरं, ते कसं विकत घेणार? माझंच जनरेटर होतं ते. मीच चालवत होतो.”

ही गोष्ट ते एकदाच बोलले. पुन्हा कधी नाही.

मग ती तीन दिवसांची बैठक आली. सहाही शहरांनी आधीच लिहून कळवलं होतं की या वेळी काही ठरलं नाही तर मंच बंद करावा. लेले मॅडमनी ते पत्र फाईलला लावलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा डबा न खाता तसाच घरी नेला.

बैठक पुण्यातच एका हॉटेलात होती. सगळं अडलं होतं दोन माणसांपाशी. एक श्रीलंकेहून आलेले परेरा, बारीक अंगाचे, फार अदबीचे. दुसरे बांगलादेशातले रहमान, धिप्पाड आणि मोठ्यानं हसणारे. दोघांची बंदरं जहाजांच्या एकाच वाटेवरची, म्हणून एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. रहमान म्हणायचे, परेरांनी तारीख द्यावी, मी त्याच दिवशी सुरू करतो. आणि परेरा प्रत्येक वेळी म्हणायचे, “आमचा अभ्यास अजून चालू आहे.”

पहिल्या दिवशी संध्याकाळी ते चौथ्यांदा असं म्हणाले आणि चीफचा तोल गेला.

“साहेब,” ते म्हणाले, “तुमच्या अभ्यासात माझ्या भावाचा पोरगा डॉक्टर झाला. तुम्ही परीक्षेला कधी बसणार?”

सगळे हसले. रहमान तर टेबलावर थाप मारून हसले. परेरा हसले नाहीत. त्यांनी कागद गोळा केले, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेले.

लेले मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “चीफ, विनोद उत्तम झाला. आता परेरांना परत आणा.”

चीफनी मला बरोबर घेतलं, माझं इंग्रजी जास्त मवाळ आहे म्हणून. परेरा उतरले होते त्या हॉटेलच्या खाली आम्ही पाऊण तास बसलो. चीफ एकदाही एसीला हात लावायला उठले नाहीत, त्यावरूनच कळत होतं की माणसाला लागलंय. परेरा आले तेव्हा मी तयार केलेलं वाक्य बाजूला ठेवून ते सरळ म्हणाले, “माझं चुकलं. उद्या दुपारी माझ्या गावाकडं जेवायला या. तुम्ही नाही आलात तर माझी बायको मला जेवाय घालायची न्हाई.”

परेरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. “तिखट असतं का?” त्यांनी विचारलं.

“असतं.”

“मग येतो.”

मागून आवाज आला, “आणि मला आमंत्रण नाही?” रहमानही त्याच हॉटेलात होते. चीफ म्हणाले, “या की! जेवायला कुणाला न्हाई म्हंतो का कोण?”

दुसऱ्या दिवशी बैठक अर्धा दिवस थांबवून आम्ही लोणीला गेलो. चीफचे थोरले भाऊ आण्णा तिथं ऊस करतात. चीफच्या पत्नी सुमनकाकू सकाळीच विश्रांतवाडीहून येऊन चुलीपुढे बसल्या होत्या. कालव्याकाठी आंब्याखाली सतरंजी घातलेली. पिठलं, भाकरी, भरली वांगी आणि मिरचीचा ठेचा. पाहुण्यांना सोसेल ना म्हणून घरातली सगळी माणसं कडेनं उभी राहून परेरांकडे बघत होती. परेरांनी बोटभर ठेचा भाकरीला लावून खाल्ला, विचार केला आणि काकूंपुढे ताट केलं, “आणखी.” रहमानांच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं, आणि ते रडत रडत हसत होते. काकूंनी त्यांच्या ताटात दही वाढलं आणि म्हणाल्या, “एवढा मोठा माणूस, पण आतून गरीब हाय बिचारा.” चीफनी ते भाषांतर करून सांगितलं, तर रहमान उठून काकूंच्या पाया पडले.

जेवण झाल्यावर सगळे कालव्यात पाय सोडून बसले. थोड्या अंतरावर चारीचं लोखंडी दार होतं, कालव्याचं पाणी शेतांकडे सोडायचं. रहमाननी आण्णांना विचारलं, पाणी कोण किती घेतं हे कसं ठरतं?

“पाळीनं,” आण्णा म्हणाले. “पण पूर्वी लई मारामाऱ्या. वरचं गाव दार उघडं ठेवायचं आन् खालच्याला पाणीच जायचं न्हाई. आमच्या वडलांच्या वेळी म्हाताऱ्यांनी ठरवलं, वरच्या गावाच्या दारावर खालच्या गावाचा माणूस बसंल. आणि त्याचं जेवण वरच्या गावानं घालायचं.”

चीफ भराभर इंग्रजी करत होते.

“मग चोरी थांबली?” परेरांनी विचारलं.

“अर्धी थांबली.”

“आणि उरलेली?”

“ती तो जेवाय गेल्यावर व्हायची.”

हशा पिकला. तो ओसरल्यावर रहमान हळूच म्हणाले, “पण अर्धी थांबली.”

 पाण्याचा आवाज येत होता. मग परेरा, पाण्याकडेच बघत, रहमानना म्हणाले, “अभ्यास वगैरे काही नाही. आमची केबलच अजून टाकून झालेली नाही. तीनदा काम सुरू केलं, तीनदा बंद पडलं. माणसं नाहीत. हे भर सभेत कसं सांगू?”

चीफ एकदम उठले. “पंप बघून येतो,” म्हणाले आणि उसाकडे चालू लागले. जाताना मला डोळ्यांनी खूण केली. मी वही मिटली आणि काकूंना भांडी आवरू लागायला गेले. लांबून दिसत होतं, दोघं अजून तसेच पाण्यात पाय घालून बसलेत. रहमान हातवारे करतायत. मग वाऱ्यावर त्यांचा तो मोठा आवाज आला, “अरे भाई, आधी सांगायचं ना! माझी माणसं काम संपवून रिकामी बसलीत!”

पंपाचं काय झालं म्हणून मी चीफना विचारलं. ते म्हणाले, “पंप बंदच हाय. आज लाईटीची पाळी न्हाई आमची.”

तिसऱ्या दिवशी परेरांनी स्वतः उठून आपल्या केबलची हकिगत सगळ्यांना सांगितली.  ते बसले तसे रहमान उठले आणि म्हणाले, यांच्या केबलला माझी माणसं जातील आणि ती पडेपर्यंत आम्हीही थांबू. सहा बंदरं एकाच दिवशी सुरू करतील. कोणत्या जहाजाला वीज जोडली आणि कोणत्याला नाही याची नोंद प्रत्येक बंदरात शेजारच्या बंदराचा माणूस ठेवेल. “आणि त्याचं जेवण,” ते म्हणाले, “ज्याचं बंदर त्यानं घालायचं.” पुढच्या तासाभरात सहाही सह्या झाल्या. त्या वेळात चीफ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून लहान मुलासारखे बसून होते. लेले मॅडमनी सह्यांचा कागद माझ्याकडे दिला, खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ रस्त्यावरची रहदारी बघत राहिल्या. वळल्या तेव्हा त्या हसत होत्या. मी घड्याळात पाहून वेळ वहीत लिहून ठेवली.

एक तिढा उरला. पहिल्या महिन्यात परेरांच्या बंदरात नोंद ठेवायला माणूस कोण, यावर पुन्हा कुजबुज सुरू झाली. तेव्हा परेराच म्हणाले, “आम्हाला चीफ द्या. ते कुणाच्याच बंदराचे नाहीत.”

घरी ही बातमी सांगायची चीफना धास्ती होती. मला म्हणाले, “तीस वर्षं हिला ‘येतो सहा महिन्यांनी’ म्हणून गेलोय. आता कुठल्या तोंडानं सांगू?” दुसऱ्या दिवशी चेहरा वेगळाच. काकूंनी ऐकून घेतलं, भाजी निवडत होत्या ती निवडून पुरी केली आणि म्हणाल्या, “जायचं तर जाऊ. पण या वेळी मी येणार. बंदरं बंदरं ऐकून कान किटले माझे, एक तरी बघू दे.”

केबल पडायला पाच महिने लागले. उद्घाटनाला सचिवालयातर्फे मी गेले. समुद्र मी यापूर्वी पाहिला होता, पण एवढं मोठं जहाज एवढ्या जवळून कधीच नाही. धक्क्यावर त्याच्या जनरेटरची धडधड पायांतून वर चढत होती. भाषणं कुणालाच ऐकू आली नाहीत. आम्ही सगळे एकमेकांच्या कानात ओरडत होतो. दंडाएवढी जाड केबल क्रेननं वर गेली. आत कुणीतरी काहीतरी फिरवलं. जहाजाचे दिवे एकदा मिणमिणले, पुन्हा लागले, आणि मग ती धडधड थांबली.

चीफ परेरांना काहीतरी सांगत होते आणि तसेच ओरडत राहिले. काकूंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. “अहो, हळू. बंद झालंय ते.”

तेव्हा ते थांबले. तोंड उघडंच राहिलं. कुठंतरी भिंतीपलीकडे सायकलची घंटी वाजली, कुणीतरी कुणाला हाक मारली, कुत्रं भुंकलं. एवढं मोठं गाव भिंतीला टेकून उभं होतं आणि ते आता ऐकू येत होतं. परेरांनी रुमाल काढून तोंड पुसलं, मग तोच चीफना दिला.

थोड्या वेळानं चीफ जहाजाच्या शिडीपाशी गेले आणि इंजिनरूमच्या माणसांना बाहेर बोलावलं. सात-आठ जण आले, नारिंगी डगले घातलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले. त्यांच्या साहेबाशी चीफचं काहीतरी बोलणं झालं. परत येऊन मला म्हणाले, “एक माणूस खाली ठेवतोय, बाकीच्यांना सोडलं संध्याकाळपर्यंत. ताई, मी चाळीस देशांच्या धक्क्याला लागलो. गावं बघितली पाच. जनरेटर चालू म्हणजे माणूस खाली. ही पोरं आज गाव बघतील.”

माझं दुपारचं विमान होतं. मी निरोप घेऊन गाडीत बसले. बंदराच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ती सगळी मंडळी पलीकडच्या रस्त्यावर पोचली होती. सगळ्यांत पुढे सुमनकाकू. एका मासळीवालीपुढे उभ्या राहून त्या मराठीत भाव करत होत्या, ती तिच्या भाषेत उत्तर देत होती, आणि दोघींचंही अगदी रंगात आलं होतं. नारिंगी डगलेवाले भोवती कोंडाळं करून ऐकत होते. गाडी वळली तेव्हा काकूंनी एक मासा परत पाटीत टाकून दुसरा उचलला होता, आणि चीफ पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून उभे होते.